वाकळ टेबलावर टाचा, बायांनो!



वाकळ टाचायची तर जमिनीवरच, असा आपल्याकडे न लिहिलेला नियम आहे. अंथरलेल्या लुगड्यावर उकिडवं बसायचं, चारी बाजूंनी रांगत कच्चे टाके घालायचे आणि उठताना भिंतीला धरून "आई गं" म्हणायचं. कुणी टेबलाचं नाव काढलं की लगेच ऐकायला मिळतं, "आता खाली बसायचंही जड झालं का?"

मला या नियमाशी भांडायचं आहे. त्यापायी गुडघे तर जातातच, पण आता वाकळही चालली आहे. ज्यांच्या हातात ही कला आहे त्या साठीपुढच्या बायका खाली बसवत नाही म्हणून सुई ठेवून देतात. जुन्या सुती साड्यांची गाठोडी माळ्यावर पडून राहतात आणि पलंगावर बाजारातली पॉलिएस्टरची रजई येते.

पहिला आक्षेप परंपरेचा. आपल्या आज्या चुलीपुढे बसून भाकरी थापायच्या, जमिनीवर विळी घेऊन भाजी चिरायच्या, पाट्यावर चटणी वाटायच्या. हे सगळं ओट्यावर आलं. चव गेली असं कुणी म्हणालं असेल, पण धर्म बुडाला असं कुणी म्हणालं नाही. मग सुईनेच काय पाप केलं? शिंप्याच्या दुकानात बघा. कापड बेतणारा मास्तर कंबरेएवढ्या टेबलापाशी उभा असतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही, कारण त्याच्या कामाला दाम आहे. आपल्या कामाला दाम नाही, म्हणून त्याला जागाही जमिनीवरची. मी कॉमर्स शिकलेली बाई. वहीत नोंद केली नाही म्हणून खर्च शून्य होत नाही, हे मला ठाऊक आहे. वाकळ "फुकटात" होते असं आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा गुडघ्यांचा खर्च कोणत्या खात्यात टाकतो?

दुसरा आक्षेप धर्माच्या नावाने येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. "तेवढाच कायक्लेश, तेवढीच कर्मनिर्जरा," असं म्हणतात. कायक्लेश हे सहा बाह्य तपांपैकी एक, खरं आहे. पण तप समजून उमजून, स्वतःच्या इच्छेने आणि शांत परिणामांनी करायचं असतं. लोक काय म्हणतील या भीतीने सोसलेल्या दुखण्याला तप म्हणत नाहीत. आणि दुखणाऱ्या गुडघ्यावर बसून मन कुठे असतं, हे आपल्या आपण तपासावं. "कधी संपतंय हे, मलाच का करावं लागतं?" वेदनेचं असं सतत चिंतन म्हणजे आर्तध्यान. त्याने कर्म झडत नाही, बांधलं जातं. तप करायचंच असेल तर उपवास आहे, रसत्याग आहे. वाकळीच्या आडून कशाला?

उलट, यत्नाचार टेबलाच्या बाजूने आहे. मुनिमहाराज बसण्याआधी पिंछीने जागा झाडून घेतात. वस्तू बघून उचलावी, बघून ठेवावी, ही आदाननिक्षेपण समिती मुनींसाठी सांगितली असली तरी श्रावकांनीही शक्य तेवढी पाळायचीच. जमिनीवर अंथरलेल्या कापडाखाली मुंगी शिरली तर दिसत नाही, आणि आपण वरून गुडघे टेकत फिरत असतो. हातातून निसटलेली सुई कुणाच्या पायात जाईल याचा नेम नाही. टेबल पुसलं, वर उजेड घेतला की सगळं डोळ्यांसमोर राहतं.

आणि बसून केलेलंच काम पवित्र, हे कुणी ठरवलं? आपल्या जिनमूर्ती पद्मासनात आहेत तशा खड्गासनातही आहेत. श्रवणबेळगोळचे ५७ फुटी बाहुबली उभेच आहेत, आणि आपल्या कुंभोजजवळचे २८ फुटीही.

तिसरा आक्षेप, "टेबलावर मावत नाही." हिशोब करू. एकट्याच्या अंथरुणाची वाकळ साडेचार फूट बाय साडेसहा फूट धरा. सहा जणांचं जेवणाचं टेबल साधारण तीन फूट बाय पाच फूट असतं. म्हणजे चारी बाजूंना जेमतेम नऊ इंच कापड लोंबतं. एवढ्यासाठी रांगायचं?

टेबल साधारण ३० इंच उंच असतं, उभ्याने काम करायला ते कमी पडतं. पायांखाली चार-चार इंचांचे पक्के लाकडी ठोकळे द्या, म्हणजे ओट्याची उंची येते. टेबल डुगडुगत नाही ना, ते आधी हलवून पाहा. टेबलाच्या बरोबर मध्यावर एक आगकाडी चिकटपट्टीने लावा. खालच्या कापडाची चौघडी करा, घडीचा मधला कोपरा काडीवर ठेवा आणि उलटी बाजू वर येईल असं उलगडा. काडी बोटाला लागते, मध्य चुकत नाही. कडांना कागदांचे मोठे काळे चाप लावा. कापड ताणायचं नाही, फक्त सुरकुती काढायची. मग आतले थर आणि वरची साडी, प्रत्येकाचा मध्य जुळवून पसरा. चाप काढून सगळ्या थरांवर पुन्हा लावा.

टाके मध्यापासून कडेकडे घाला. टाका दोन बोटांचा, दोन ओळींत वीतभर अंतर पुरे. सुईचं टोक टेबलाला टेकलं की चमच्याने वर उचला, बोट टोचत नाही. मधला भाग झाला की चाप काढा, वाकळ एका बाजूला सरकवा, खालून हात फिरवून सुरकुती नाही ना ते पाहा आणि पुन्हा चाप लावा. वाकळ मोठी असेल तर लोंबणारा भाग खुर्चीवर ठेवा, नाहीतर वजनाने थर सरकतात. अर्धा तास उभं राहा, मग उंच स्टुलावर बसा. गुडघे चांगले आहेत आणि खाली बसणं आवडतं, तिने खुशाल बसावं. माझं भांडण सक्तीशी आहे.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. वाकळीभोवती चार बायका जमतात, गप्पा होतात, णमोकार म्हणत टाके पडतात. ते टेबलाभोवतीही होतं. शिवाय गुडघ्यांमुळे घरी बसलेल्या काकू, आक्का, मावशी परत येऊ शकतात. लांब, सरळ, एकसारखा टाका त्यांच्याच हातचा आहे. त्या आल्या नाहीत तर सुना-नाती तो कुणाकडून शिकणार?

मंदिराच्या सभागृहात पंगतीची टेबलं भिंतीला टेकवून ठेवलेली असतात. येत्या उन्हाळ्यात महिला मंडळाने त्यांतली दोन जोडून मांडावीत, आणि खाली बसता येत नाही म्हणून येणं सोडलेल्या बायकांना पहिलं बोलावणं धाडावं.