शाळेचे दप्तर रद्दीत, गावाचा इतिहास दंगलीत

भिवंडीचे नाव निघाले की वृत्तपत्रांना दोनच साले आठवतात, १९७० आणि १९८४. दंगलींवर आयोग बसले, अहवाल निघाले, इंग्रजी विद्वानांनी प्रबंध लिहिले. त्यापलीकडे या गावाला काही भूतकाळ आहे, याची वार्ता महाराष्ट्रातील सुशिक्षितांनाही नसते. १६५७ साली शिवरायांनी कल्याणसोबत भिवंडी स्वराज्यात आणली. तालुक्यातील लोनाडला प्राचीन लेणी आहेत. जवळच्या चौधरपाड्याने शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख दिला. १७३९ च्या वसईविजयानंतर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्यासाठी उभे राहिलेले वज्रेश्वरीचे मंदिर याच तालुक्यात आहे. एवढा वारसा असलेल्या गावाची ओळख मागांचा खडखडाट, गोदामांच्या रांगा आणि दंगलींच्या तारखा एवढीच उरावी, याचा दोष केवळ परक्यांच्या माथी मारून चालणार नाही.

शिलालेख निदान वस्तुसंग्रहालयात पोहोचतो. कागदाला तसा वाली नाही. गावातील जुन्या मुलांच्या शाळेच्या कार्यालयात, बंद कपाटाच्या तळाशी, लाल कापडात बांधलेली रजिस्टरे असतात. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचा व्यवसाय, जात, जन्मतारीख, कोणत्या शाळेतून आला, केव्हा गेला आणि का गेला. शेजारी शेरेबुक असते. तपासणीस आलेल्या डिपोटी साहेबाने त्यात कौतुक आणि खरडपट्टी दोन्ही नोंदवलेली असते. सव्वाशे वर्षांपूर्वी आगरी, कोळी, कुणबी, कासार, महार यांच्या घरांतून कोणते पोर पहिल्यांदा पाटी घेऊन बाहेर पडले, हे कोणत्याही पोवाड्यात सापडणार नाही. ते या रजिस्टरात सापडते. तळागाळाच्या इतिहासाचा जप करणाऱ्या पुरोगामी इतिहासकारांनी परिसंवादांचे मंडप गाजवले; या कपाटाची धूळ मात्र त्यांच्या अंगरख्याला लागल्याचे ऐकिवात नाही.

अशा एका रजिस्टराची किंमत किती असू शकते, हे साताऱ्याने दाखवून दिले आहे. राजवाड्यातील तत्कालीन सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. नोंद क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. समोर त्या मुलाची सही. ज्या कारकुनाने ती ओळ लिहिली, त्याच्या लेखी ती दिवसभरातील अनेक ओळींपैकी एक होती. शाळेने रजिस्टर फेकले नाही, एवढेच तिचे कर्तृत्व. पण त्या एवढ्याशा कर्तृत्वावर २०१७ साली महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. ते पान एखाद्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दीवाल्याच्या तराजूत गेले असते, तर राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या पहिल्या पावलाचा हा पुरावा कोणाच्या हाती लागला असता?

नागपूरचे उदाहरण स्वयंसेवकांना तोंडपाठ आहे. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांच्या तोंडाला कुलूप घातले असता नील सिटी हायस्कुलात तपासणीसाहेबांचे स्वागत ‘वंदे मातरम्’च्या घोषाने झाले. माफी न मागणाऱ्या केशव बळीराम हेडगेवारांना शाळेबाहेर काढण्यात आले, ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले, तीही सरकारने मिटवली. ही कथा बौद्धिकांतून शेकडो वेळा सांगितली गेली. परंतु घोष एका कंठातून निघाला नव्हता. त्या वर्गांत बसलेली बाकीची मुले कोण होती, पुढे त्यांचे काय झाले, कोणाचे शिक्षण तिथेच खुंटले? त्यांची नावे चरित्रग्रंथात नसतात. ती असलीच तर त्या शाळेच्या पटावर असणार. बेचाळीसच्या आंदोलनात शाळा सोडलेल्या ठाणे जिल्ह्यातील मुलांची गोष्टही हीच. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात एखाद्या हेडमास्तराने भीत भीत लिहिलेले दोन शब्द, एवढेच त्यांचे स्मारक.

या दप्तराकडे शासन पाहतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पाहते, पण एकाच रकान्यात. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध प्रथम मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू झाला, तेव्हा वर्षानुवर्षे न उघडलेली शाळांची रजिस्टरे एकाएकी टेबलांवर आली. मोडी वाचणाऱ्यांचा तुटवडा पडला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच जी लिपी शाळांतून हद्दपार केली, तिच्या जाणकारांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयांना धावाधाव करावी लागली! ज्याला दाखला हवा त्याने तो शोधावा, तो त्याचा हक्क आहे. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार अशी की, नावापुढची जात टिपून झाल्यावर रजिस्टर पुन्हा त्याच कपाटात, त्याच वाळवीच्या स्वाधीन झाले. जातीच्या शेजारचे सगळे रकाने कोरे असल्याप्रमाणे शासन वागले. हिंदू समाजाला एकत्र बांधणारे जे काही त्या पानावर होते, म्हणजे एकाच वर्गात, एकाच मास्तरांच्या छडीखाली बसलेली अठरापगड घरांची मुले, ते पाहण्याचा आदेश कोणी काढला नव्हता.

इंग्रज येण्यापूर्वी या देशात शाळाच नव्हत्या, हे मेकॉलेच्या मानसपुत्रांचे आवडते पालुपद. मुंबई सरकारच्याच कौन्सिलचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली लिहून ठेवले की, लहानमोठे गाव असे क्वचितच, जिथे एखादी तरी शाळा नाही. धरमपाल यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्रजांच्याच दप्तरांतून याचे पुरावे मांडले. पंतोजींच्या त्या शाळांची जागा पुढे सरकारी मराठी शाळांनी घेतली. हा सांधा नेमका कसा जुळला, कोणता पंतोजी सरकारी मास्तर झाला, कोणाच्या ओसरीवरची शाळा सरकारी इमारतीत गेली, हे लंडनच्या दप्तरखान्यात कळणार नाही. ते गावोगावच्या कागदांत दडले आहे. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर शाळांची संख्या सांगून थांबते. मुलांची नावे सांगत नाही.

संस्थाचालकांविषयी काय बोलावे? शाळेला शंभर वर्षे झाली की स्मरणिका निघते. तीत मंत्र्यांचे शुभसंदेश, बिल्डरांच्या जाहिराती आणि अध्यक्षांची सपत्नीक छायाचित्रे असतात. पहिल्या वर्गातील पहिल्या मुलाचे नाव नसते. जुनी कौलारू इमारत पाडून काँक्रीटची उभारताना कपाटे रिकामी होतात आणि कागद टेम्पोत चढतात. जनरल रजिस्टर हे कायम जतन करावयाचे दप्तर आहे, असा नियम आहे. २००५ सालचा महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांविषयीचा कायदाही आहे. त्याच वर्षी २६ जुलैच्या प्रलयात भिवंडीत पाणी शिरले. तळमजल्यावर दप्तर ठेवणे म्हणजे काय, हे तेव्हा गावाने पाहिले. तरी कार्यालये आजही बहुधा तळमजल्यावरच असतात.

भिवंडीत मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांतून मुले शिकत आली. मोमीन विणकरांची आणि आंध्रातून आलेल्या पद्मशालींची मुलेही कोणत्या ना कोणत्या पटावर आहेत. ते दप्तरही याच गावाचे आहे. दंगलीच्या दोन तारखांवर गावाचा निवाडा करणाऱ्यांना द्यावयाचे उत्तर भाषणांत नाही, या पटांत आहे. ब्राह्मण आळी, कासार आळीतील जुन्या घरांतून आता इमले उठत आहेत. ज्यांना जुने मास्तर आठवतात, अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

हे काम करणारे हात संघटनेपाशी आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, मोडी शिकलेले काही तरुण आहेत, प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढणारे यंत्र आहे. हयात माणसांची खाजगी माहिती झाकून जुन्या पानांची प्रत करणे ही एका सुट्टीची कामगिरी आहे. अनेक शाळांच्या कार्यकारिणीवर माजी विद्यार्थीच बसलेले असतात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय त्यांनीच घालावयाचा आहे. कपाटे २०२३ मध्ये उघडली गेली, तेव्हा किल्ल्या कोणाकडे आहेत हे कार्यालयांना ठाऊक आहे. आणि पावसाळ्यापूर्वी तळमजल्यावरची रजिस्टरे वरच्या मजल्यावर नेण्यासाठी मंत्रालयातून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही.