गिऱ्हाईक परत का येत नाही?

मैत्रिणींनो, श्रावण सरत आला की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उपासाचे पदार्थ, मंगळागौरीचे खेळ मागे पडतात आणि "दिवाळीच्या निमित्तानं घरबसल्या काही करता येईल का?" ही विचारणा सुरू होते. दरवर्षी मी चार युक्तीच्या गोष्टी लिहिते. यंदा मात्र एका पत्रापाशी मी अडले.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी तीन वर्षं घरी मसाले आणि भाजण्या करून विकतात. नाव-गाव त्यांच्या इच्छेवरून देत नाही. त्या लिहितात, "ताई, माल चोख आहे. भाव बाजारापेक्षा दोन पैसे कमीच. मग एकदा आलेलं गिऱ्हाईक परत का येत नाही?"

आता त्यांची भाजणी मी चाखलेली नाही, तेव्हा काय उत्तर देणार? पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर माझं बोट थांबलं. "हल्ली लोकांना धीरच नसतो. एकदोन दिवस इकडेतिकडे झालं की लगेच फोनवर फोन!"

हे वाक्य वाचलं आणि मला माझा ब्लाऊज आठवला.

झालं होतं असं. माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला. नव्या साडीवरचा ब्लाऊज मी आमच्या भागातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे टाकला. हात फार सुरेख हो तिचा! गळा असा बसवायची की पुन्हा टाका घालायला नको. तिनं सांगितलं, "सोमवारी नेऊन टाका." सोमवारी गेले तर "परवा देते." परवा गेले तर "उद्या नक्की." मग फोन उचलेना. साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी मी दारात उभी राहिले तर तिच्या आठ वर्षांच्या मुलानं दार किलकिलं केलं आणि म्हणाला, "आई घरात नाहीये." आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

मी जुनाच ब्लाऊज घालून गेले. त्याचं काही एवढं नाही. पण घरात असलेल्या आईनं लेकराकडून खोटं बोलवावं, हे माझ्या मनाला फार लागलं. पुढच्या आठवड्यात ब्लाऊज मिळाला, शिवलेला उत्तमच होता. मी पैसे चुकते केले आणि पुन्हा तिच्याकडे गेले नाही.

पुढचं सांगायला मला थोडी लाज वाटते, तरी सांगते. सकाळच्या लोकलला बायकांच्या डब्यात मी ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. मुलाचा आवाज काढून दाखवला, सगळ्या हसल्या. तुमच्यातल्या लोकलने जाणाऱ्यांना ठाऊक आहे, शहाडला सांगितलेली गोष्ट ठाण्यापर्यंत डबाभर होते. त्याच डब्यात भिशी लागते, साड्या विकल्या जातात, फराळाच्या ऑर्डरी घेतल्या जातात आणि एखादीची पतही तिथंच ठरते. काही महिन्यांनी कळलं, त्या दिवसांत तिची सासू रुग्णालयात होती. रात्री तिथं बसून, दिवसा मशीनवर बसून बिचारी सगळ्यांना तोंड चुकवत होती. मला एका शब्दानं म्हणाली असती, "ताई, घरात असं असं आहे, या खेपेला जमणार नाही, कापड घेऊन जा", तर मी दुसरीकडे शिवून घेतला असता आणि तिच्या सासूला डबाही नेऊन दिला असता. आता ती शिवण घेत नाही. मशीन विकलं म्हणतात. त्यात माझ्या जिभेचा वाटा किती, हे मी कधी मोजायला गेले नाही.

तेव्हा त्या भगिनींना मला आधी हे सांगायचं आहे, की उशिरानं गिऱ्हाईक तुटत नाही. घर चालवणाऱ्या बाईला उशीर कळतो. तिच्याही घरी कुकरची शिट्टी वेळेवर होतेच असं नाही. फोन न उचलला की मात्र ती तुटते. आपण दिलेल्या पैशांचं काय झालं, पाहुण्यांपुढे काय ठेवायचं, या विचारात तिला लटकत ठेवलं, की माल सोन्यासारखा असला तरी ती परत येत नाही. आणि तुमच्या तोंडावर काही बोलतही नाही, बरं का. शेजारणीला सांगते.

याच्या उलट गोष्ट आमच्याच गल्लीतली आहे.

२००९ मध्ये मोहन्याची एनआरसी बंद पडली. शहाड, मोहने, आंबिवली भागातल्या हजारो घरांत तेव्हा पगाराचा दिवस येईनासा झाला. आमच्या समोरच्या इमारतीतल्या वहिनींचे यजमान त्याच कंपनीत होते. दोन मुलं शाळेत. वहिनींनी आधी भाजणी दळून दिली, मग चकल्या, मग सगळा फराळ. तिसऱ्या दिवाळीला त्यांच्याकडे चाळीस किलोंची ऑर्डर होती आणि हाताखाली फक्त एक जाऊबाई.

त्या गडबडीत एका संध्याकाळी घाण्यातून निघालेल्या चकल्या पुरत्या निवायच्या आधीच पिशव्यांत भरून तोंडं बंद झाली. आतल्या वाफेनं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. रात्री उरलेल्यातली एक त्यांनी तोंडात टाकली आणि त्यांच्या पोटात गोळा आला. चकली वातड! त्या घाण्याच्या अकरा पिशव्या गिऱ्हाइकांकडे गेलेल्या.

वहिनींची एक वही आहे. कुठला घाणा कोणत्या दिवशी काढला, कोणाला किती गेला, पैसे आले की राहिले, सगळं तिच्यात. शाळेच्या वहीच्या उरलेल्या पानांची शिवलेली, पण बँकेच्या खातेवहीसारखी. ती काढून त्यांनी त्या रात्रीच अकराही जणींना फोन केले. "आज दिलेल्या चकल्या मऊ पडल्यात. चूक माझी आहे, गरम असताना भरल्या. उद्या संध्याकाळी नवीन पाठवते, त्या परत द्या."

यजमान रागावले. "कोणी तक्रार केली होती का? दिवाळीत चार चकल्यांकडे कोण बघतं? आपण होऊन कशाला सांगायला गेलीस?" त्यांचंही खोटं नव्हतं हो. त्या घरात तेव्हा तेलाचा एक डबा म्हणजे काय होता, ते त्यांनाच ठाऊक. वहिनी रात्रभर चुलीपुढे बसल्या आणि दुसऱ्या दिवशी यजमानच सायकलवरून पिशव्या पोचवून आले. त्या वर्षी त्यांच्या हाती जवळजवळ काही उरलं नाही. अकरांपैकी सहा-सात जणींनी पिशवी उघडलीसुद्धा नव्हती. एक मात्र पुन्हा आली नाही. "मऊ चकल्या देतात" असंच सांगत राहिली. तसंही होतं. पण बाकीच्या आजतागायत त्यांच्याकडूनच नेतात, आणि ही हकीकत मला वहिनींनी नव्हे, त्यांतल्याच एकीनं सांगितली. कुठे, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याच डब्यात!

वहीची गोष्ट निघाली म्हणून लिज्जत पापडाची आठवण होते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. पहिल्याच पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट घेतली, वर पापड पसरले आणि खाली शेगडी ठेवली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सांगितलं की एकच चांगल्या प्रतीचा पापड करा, आणि हिशेब नीट ठेवा. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मला या सगळ्यात खाट आणि शेगडीच जास्त आवडते. पावसानं माल थांबला असं दुकानदाराला दोनदा सांगायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटतं की गिऱ्हाइकाशी गोड बोललं की झालं. गोड बोलणं वेगळं आणि स्पष्ट बोलणं वेगळं. आमच्या शहाडला लागूनच उल्हासनगरचा बाजार. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांनी हातात काही नसताना तिथं दुकानं उभी केली. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मी एकदा आटलेली साडी घेऊन तणतणत गेले. त्यांनी आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग साडी उजेडात धरली आणि म्हणाले, "बेटा, ही बदलून मिळणार नाही. ही गरम पाण्यात गेली आहे, काठ बघ." मी ओशाळले, कारण खरंच गेली होती. त्यांनी नाही म्हटलं, तेही चार माणसांत. पण कारण दाखवलं, आणि मला बावळट ठरवलं नाही. मी अजून तिथूनच साड्या घेते.

तेव्हा "उद्या" हा शब्द जपून वापरा. बुधवारी होईल असं मनात आलं की गिऱ्हाइकाला शुक्रवार सांगा. बुधवारी दिलंत तर ती खूशच होईल. होणार नाही असं दिसताच, तिनं विचारायच्या आधी, तुम्ही फोन करा. नंतर करण्यात अर्थ नाही, तेव्हा ते कारण न राहता सबब होते. हल्ली व्हॉट्सॲपवर ऑर्डर येते. "मिळाली, अमुक दिवशी देते, इतके रुपये होतील" एवढं लगेच लिहायला काय लागतं? पैसे फोनवरून आले तर "पोचले" म्हणून कळवा. भाव विचारला की "कमीजास्त करू" म्हणू नका, आकडा सांगा. आणि फोन मुलांच्या हाती देऊ नका. माझा अनुभव वर सांगितलाच आहे.

खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्या आणि तो क्रमांक, वजन, केल्याची तारीख पाकिटावर घाला. ते सरकारी काम म्हणून कंटाळू नका. तारीख घातलेलं पाकीट म्हणजे न बोलता दिलेला शब्द असतो. गिऱ्हाइकालाही आता १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पण घरगुती धंद्यात तिला तिथवर जावं लागलं, तर आपलं काहीतरी फार चुकलं म्हणायचं.

आणि आपण गिऱ्हाइकं तरी काय कमी आहोत? दोन किलो सांगायचं आणि आयत्या वेळी "पाहुणे आले नाहीत, एकच द्या" म्हणायचं. दुकानात छापील किंमत मुकाट्यानं द्यायची आणि ओळखीच्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करायची. पैसे "पुढच्या महिन्यात" म्हणायचे आणि मग आपणच फोन उचलायचा नाही! वहिनींच्या वहीत अशी तीन-चार नावं आहेत. मी विचारलं, "यांना पुन्हा देता?" तर म्हणाल्या, "देते, पण पैसे आधी घेऊन. तसं सांगते सरळ."

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी आता एक करावं. गेल्या वर्षभरात एकदाच येऊन गेलेल्या गिऱ्हाइकांपैकी पाचजणींना फोन करावा. माल घ्या म्हणून नव्हे, तर "माझ्याकडून काही राहिलं होतं का?" एवढंच विचारायला. मग मधे बोलू नये, खुलासे देऊ नयेत, ऐकून वहीत लिहावं. पहिले दोन फोन जड जातील. काय ऐकायला मिळालं ते मला जरूर कळवा.

गेल्या दिवाळीत मी स्वतःच उशीर केला. वसुबारस चार दिवसांवर आल्यावर वहिनींना अनारशांसाठी फोन केला. म्हणाल्या, "नाही जमायचे, ताई. घेतले तर घाईत होतील आणि हसतील तेलात. मागच्या इमारतीतल्या मुलीनं यंदा सुरू केलेत, चांगले करते, तिचा नंबर देऊ?" इतक्या वर्षांची ओळख आणि सरळ नाही! मी जरा फुरंगटूनच नंबर लिहून घेतला. त्या मुलीनं शनिवार सांगितला होता. शनिवारी सकाळीच डबा दारात, आणि झाकणावर चिठ्ठी, "अनारसे आत्ता गार झाले आहेत, झाकण बंद केलं तरी चालेल."