बर्फ सगळ्यांवर पडला, अंधार मात्र वस्तीवर

नागपुरात बर्फ पडत नाही. मग आरोग्याच्या पानावर बर्फाची गोष्ट कशाला, असे तुम्ही विचाराल. थंडीने माणूस दगावतो तो नुसत्या थंडीमुळे नाही, तयारी नसल्यामुळे. हे मला एका दूरच्या शहराने नीट समजावले, म्हणून ती गोष्ट सांगते.

स्पेनची राजधानी माद्रिद. तिथे हिवाळा कडक असतो, पण मोठा बर्फ क्वचितच पडतो. जानेवारी २०२१ मध्ये ‘फिलोमेना’ नावाचे वादळ आले. ८ आणि ९ तारखेला शहरावर इतका बर्फ पडला की काही भागांत तो अर्ध्या मीटरपर्यंत, म्हणजे गुडघ्याएवढा साचला. ५० वर्षांत तिथे असे घडले नव्हते. हवामान खात्याने आधी इशारा दिला होता. पण बर्फ हटवायची यंत्रे पुरेशी नव्हती. रस्ते बंद, विमानतळ बंद. रुग्णवाहिकांची वाट अडली. परिचारिका आणि डॉक्टर तास-तास बर्फातून चालत दवाखान्यात पोचले. ज्यांची बदली आली नाही, त्यांनी सलग दोन-तीन पाळ्या केल्या. ज्यांच्याकडे जीपसारख्या गाड्या होत्या, ते लोक कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांना ने-आण करू लागले. पुढच्या दिवसांत बर्फ गोठून रस्ते काचेसारखे गुळगुळीत झाले. लोक घसरले, मनगटे आणि खुबे मोडले, आणि करोनाने आधीच थकलेले दवाखाने हाडे मोडलेल्यांनी भरून गेले.

हे झाले शहराचे. आता वस्तीचे ऐका.

माद्रिदच्या कडेला ‘कान्यादा रेआल’ नावाची वस्ती आहे. जुन्या काळी गुरे नेण्याची जी वाट होती, तिच्यावर काही किलोमीटर लांब पसरलेली. मोरोक्कोहून आलेली कुटुंबे, रोमा समाजाची कुटुंबे आणि गरीब स्पॅनिश माणसे तिथे राहतात. ऑक्टोबर २०२० मध्ये तिच्या मोठ्या भागाची वीज गेली. ४,००० हून अधिक माणसे अंधारात, त्यांत सुमारे १,८०० मुले. वीज कंपनीचे म्हणणे असे की काही घरांत चोरून गांजा पिकवतात, त्यामुळे भार वाढतो. काहींच्या गुन्ह्याची शिक्षा सगळ्या वस्तीला आणि तिथल्या लेकरांना. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी मुलांच्या आरोग्याचा प्रश्न मांडून वीज सुरू करा असे सांगितले. वीज आली नाही. बर्फ आला. लोकांनी लाकडे, गॅसच्या शेगड्या आणि मेणबत्त्यांवर ते दिवस काढले. पुढे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात युरोपच्या सामाजिक हक्क समितीने या प्रकरणात स्पेनला दोषी ठरवले. म्हणजे चूक होती हे कागदावर यायलाही चार वर्षांहून जास्त काळ गेला.

आपल्या वस्तीत राहणाऱ्याला यात नवे काय वाटेल? ‘तुमच्याकडे चोरीची वीज, तुम्ही अनधिकृत’ हे वाक्य आपणही ऐकले आहे. आणि थंडी आपल्याकडेही येते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पत्र्याच्या घरात, ओल्या जमिनीवर, एका गोधडीत चार माणसे असतील तर ती रात्र किती लांब असते, हे सांगायला नकाशात स्पेन शोधावा लागत नाही.

मी नोकरीत असतानाची एक पहाट विसरता येत नाही. एका वस्तीतून बाळंतीण, तिची सासू आणि दहा दिवसांचे बाळ आणले. बाळंतिणीला उलट्या, डोके ठणकत होते. सासू शुद्धीवर नव्हती. मलाही आधी वाटले, काही शिळे खाण्यात आले असेल. मग शेजारीण म्हणाली, ‘सिस्टर, खाटेखाली सिगडी होती. वारा येऊ नये म्हणून फटी चिंध्यांनी बुजवल्या होत्या.’ बाळ आणि बाळंतीण वाचली. सासू गेली. त्या बाईने सुनेला ऊब मिळावी म्हणूनच सिगडी ठेवली होती.

कोळसा किंवा लाकूड बंद खोलीत जळले की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूच्या २०० पटींहून जास्त जोराने तो रक्ताला चिकटतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. लाल निखारेच जास्त फसवतात. घरातल्या एकाहून जास्त जणांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, तर आधी दार उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि सिगडी होती हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. करोनात घेतलेले बोटाचे ऑक्सिमीटर यात आकडा बरोबर दाखवते आणि आपण फसतो. त्यावर विसंबू नका.

सिगडी पेटवायचीच असेल तर अंगणात पेटवा. शेकून झाल्यावर निखारे विझवूनच आत या. बाळाला ऊब हवी तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी पांघरा आणि डोक्याला टोपडे घाला. शेकापेक्षा हे सुरक्षित आहे. म्हाताऱ्यांचे कपडे ओले राहू देऊ नका. रक्तदाबाची गोळी थंडीत चुकवू नका, कारण थंडीत दाब वाढतो. दारूने गरम वाटते, पण अंगातली उष्णता बाहेर जाते. प्यायलेला माणूस थंडीत बाहेर झोपला तर त्याला उठवून आत आणा, भांडण सकाळी करा.

इतके आपल्या हातात. पण सगळे आपल्याच हातात आहे असे सांगणे म्हणजे फसवणूक. दरवर्षी ब्लँकेटवाटप होते. देणाऱ्यांचे आभारच मानते. पण ब्लँकेट एका हिवाळ्याचे, वीज आणि भिंत रोजची. उन्हाळ्यासाठी शहराचा उष्माघात आराखडा असतो, तसा थंडीचाही हवा. रात्री निवारा कुठे उघडेल, पहाटे रुग्णवाहिका कोणत्या बोळापर्यंत येईल, थंडीच्या महिन्यांत लहान मुले आणि म्हातारी माणसे असलेल्या घराची वीज कापायची नाही, हे त्यात लिहिलेले असावे. आकडा टाकून हिटर लावू नका, जीव जाईल. मीटरसाठी अर्ज करा, एकट्याने नको, पन्नास घरांचा एकत्र करा आणि पोच घ्या.

आणि एक काम या रविवारीच होईल. विहारात बसून यादी करा: एकटे म्हातारे कोण, बाळंतीण कोण, दम्याचे कोण. विहाराची किल्ली रात्री कोणाकडे असेल ते ठरवा. माद्रिदमध्ये यंत्रे अडली तेव्हा शेजारी बाहेर पडले. आपल्याकडे यंत्रे कमीच, पण शेजारी आहेत.