खोकणाऱ्या बाईने तोंड झाकावं, ही भीती नाही, अहिंसा आहे



चातुर्मास तोंडावर आला आहे. आता चौके लागतील, स्वाध्यायाचे वर्ग भरतील आणि भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस मंदिरात पाय ठेवायला जागा मिळणार नाही. आपल्या कोल्हापुरात नेमका हाच काळ पावसाचा, बंद खिडक्यांचा आणि घराघरांतल्या सर्दी-खोकल्याचा. म्हणून माझं मागणं साधं आहे. मंदिराच्या दाराशी आणि प्रत्येक चौक्यात मास्कचा एक डबा ठेवा. जिला सर्दी, खोकला किंवा ताप आहे तिने त्या दिवशी घरी थांबावं. अगदीच यावं लागलं तर मास्क लावून यावं. बाकीच्यांवर सक्ती नको.

एवढ्याशा मागणीला मंडळात आणि फोनवर जी उत्तरं मिळाली, ती ऐकून हे लिहायला बसले आहे. "करोना गेला, आता कसला मास्क?" "मास्कने काही होत नाही हे संशोधनातच निघालंय." "विषाणू कापडाच्या जाळीपेक्षा बारीक असतो, तो काय अडणार?" "देवाच्या दारात रोग लागत नाही." आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, "ज्याचं त्याचं कर्म." एकेक उत्तर तपासून पाहू या.

आधी एक गोष्ट कबूल करते, कारण मास्कची बाजू घेणारेही कधीकधी जास्त बोलतात. मास्क सगळ्या रोगांवर चालत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातून. तिथे मास्क लावून काही झालं नसतं, पाणी उकळायलाच हवं होतं. डेंग्यू डासांमुळे होतो. १८९६-९७ चा मुंबई-पुण्याचा प्लेग गाठीचा होता आणि उंदरांवरच्या पिसवा तो पसरवत होत्या. तेव्हा रोग कशातून जातो हे आधी बघायचं आणि मग उपाय ठरवायचा.

त्याच प्लेगचा दुसरा प्रकार फुफ्फुसाचा. १९१०-११ च्या हिवाळ्यात तो चीनच्या मांचुरियात पसरला आणि सुमारे साठ हजार माणसं गेली. वू लिएन-तेह नावाच्या तरुण डॉक्टरांनी ओळखलं की हा रोग उंदरांकडून नाही, माणसाच्या खोकल्यातून माणसाकडे जातोय. त्यांनी गॉजमध्ये कापूस घालून पट्ट्या करवल्या आणि सगळ्यांना बांधायला सांगितल्या. मेनी नावाच्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. ते उघड्या तोंडाने रुग्णांमध्ये गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच प्लेगने दगावले.

आता "जाळीपेक्षा बारीक" या मुद्द्याकडे येते. विषाणू एकटा उडत येत नाही. तो थुंकीच्या, श्वासाच्या ओल्या कणांत बसून येतो. आणि मास्क ही पिठाची चाळणी नाही. तंतूंचे थर एकमेकांवर आडवेतिडवे असतात, कण वळणावळणाने जाताना त्यांना आदळून चिकटतात. तोंडातून नुकताच निघालेला कण मोठा आणि ओला असतो, हवेत सुकून बारीक झाल्यावर तो धरणं अवघड जातं. म्हणून जिला खोकला आहे तिच्या तोंडावरचा मास्क जास्त उपयोगाचा. माझ्या मागणीचा सगळा भर यावरच आहे.

याचा एक स्वच्छ पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या क्षयरोगाच्या वॉर्डातून मिळाला. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांच्या खोल्यांतली हवा आळीपाळीने दोन वेगळ्या दालनांत सोडली जायची. प्रत्येक दालनात ९० गिनीपिग होते. रुग्णांनी साधा सर्जिकल मास्क लावला त्या दिवसांची हवा एका दालनात गेली, मास्क नसलेल्या दिवसांची दुसऱ्यात. मास्क नसताना ६९ प्राण्यांना लागण झाली, मास्क असताना ३६. मुक्या जिवांवर असे प्रयोग व्हावेत हे मला जैन म्हणून पटत नाही, वाचताना पोटात कालवलं. पण त्यांच्या जिवावर जे कळलं ते तरी वाया घालवू नये. लागण जवळजवळ निम्म्यावर आली, पण शून्य झाली नाही, हेही नीट लक्षात ठेवा.

"संशोधनातच निघालंय" म्हणणाऱ्यांचं काय? त्यांचा रोख बहुधा २०२३ च्या जानेवारीत आलेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याकडे असतो. त्यात अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या आणि लोकांना मास्क लावायला सांगितल्याने ठोस फरक पडतो का, हे सिद्ध करता आलं नाही. 'सिद्ध झालं नाही' आणि 'उपयोग नाही हे सिद्ध झालं' यांत फरक आहे. कॉक्रेनच्या मुख्य संपादिकेलाही त्याच वर्षी मार्चमध्ये खुलासा करावा लागला की 'मास्क निरुपयोगी' हा अर्थ चुकीचा आहे. दुसरं म्हणजे अशा चाचण्यांत ज्यांना मास्क दिला त्या सगळ्यांनी तो लावलाच असं नसतं. गोळी दिली, ती डब्यात पडून राहिली आणि गुण आला नाही म्हणून गोळीला नावं ठेवायची, असा तो प्रकार.

बांगलादेशातली चाचणी मला जास्त जवळची वाटते, कारण तिथली गावं, घरं, बाजार आपल्यासारखे. २०२०-२१ मध्ये ६०० गावांत, सुमारे साडेतीन लाख माणसांत ती झाली. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, समजावून सांगितलं, आठवण करून दिली. तरी मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवरच गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक उघड्या तोंडानेच फिरत होते. एवढं असूनही जिथे सर्जिकल मास्क दिले त्या गावांत लक्षणांसहित करोना सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाला आणि साठीच्या पुढच्यांत सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा मात्र स्पष्ट दिसला नाही. तेव्हा "पदर लावला की झालं" हेही सोडा. एकपदरी, घसरणारा पदर म्हणजे मास्क नव्हे.

कुणी म्हणेल, ११ टक्के म्हणजे काय मोठं? मी कॉमर्सवाली, चक्रवाढ व्याज मला कळतं. समजा एक आजारी माणूस दोघांना रोग देतो, ते दोघे आणखी दोघा-दोघांना. अशा दहा फेऱ्यांनंतर दहाव्या फेरीत १,०२४ आजारी पडतील. आता प्रत्येक फेरीत फक्त १० टक्के कमी करा, दोनऐवजी सरासरी १.८. दहाव्या फेरीत आकडा येतो ३५७. कॅल्क्युलेटरवर करून बघा. हा हिशेब फक्त उदाहरणाचा आहे, पण साथ अशीच चालते. मुदत ठेवीवर अर्धा टक्का जास्त मिळावा म्हणून आपण बँक बदलतो, मग इथे दहा टक्के क्षुल्लक कसे?

"करोना गेला" हेही अर्धंच खरं. राज्य सरकारने २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, मास्कची सक्ती उठवली. सक्ती उठली, खोकला उठला नाही. फ्लू दर पावसाळ्यात येतो. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आपल्या शेजारच्या पुण्यात झाला, तोही पावसाळ्यातच. आणि २०२१ आपण इतक्या लवकर विसरलो? जूनमध्ये राज्यातले कितीतरी जिल्हे उघडत होते तेव्हा कोल्हापूर चौथ्या स्तरात अडकलं होतं. पाठोपाठ जुलैत राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे डोळे लावून बसायची वेळ आली. एकीकडे साथ, एकीकडे पूर. त्या दिवसांत किती घरं रिकामी झाली हे बावड्यात कुणाला सांगायला नको.

आता धर्माच्या नावाने येणारी उत्तरं. "आपल्या साधू-साध्वींची मुहपत्ती बघा, अडीच हजार वर्षांपूर्वीच आपल्याला विषाणू माहीत होते" असे संदेश फिरतात. मैत्रिणींनो, असली फुशारकी नको. श्वेतांबर परंपरेतली मुहपत्ती वायुकाय जिवांची हिंसा टळावी आणि बोलण्यावर संयम राहावा यासाठी आहे. तिचं मोल तेवढ्याने पूर्ण होतं, त्याला वैद्यकीय सर्टिफिकेट लागत नाही. मास्कचं समर्थन मास्कच्या पुराव्यावर करा, व्रताचं समर्थन व्रताच्या अर्थावर.

आणि "ज्याचं त्याचं कर्म"? मग आपण पाणी का गाळतो? त्या सूक्ष्म जिवांचंही कर्म आहेच की. समोरची आजारी पडते ते तिच्या असातावेदनीय कर्माचा उदय असेल, मान्य. पण मला माहीत असून मी तिच्या तोंडावर खोकले, हा माझा प्रमाद, आणि त्याचा बंध मला. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादापासूनच सुरू होते, हे आपण दर पर्वात ऐकतो. गाळण्यातूनही सगळे जीव वाचत नाहीत, म्हणून कुणी गाळणं उकिरड्यावर टाकलं का?

शेवटी चौक्याचं सांगते, कारण खरी काळजी तिथली आहे. आपले मुनिमहाराज दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. पाणी तेव्हाच, औषधही तेव्हाच. रात्री ताप चढला तरी घोटभर पाणीसुद्धा घेणार नाहीत. कितीतरी महाराज, माताजी सत्तरीच्या पुढचे आहेत. ते स्वतः मास्क लावणार नाहीत आणि "बाई, तू लांब हो" असंही म्हणणार नाहीत. त्यांचं रक्षण पूर्णपणे आपल्या हातात आहे. पडगाहन करताना मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध असं आपण तोंडाने म्हणतो. नाक वाहत असताना, घसा खवखवत असताना ते कुठल्या तोंडाने म्हणायचं? सोवळ्याची साडी बाजूला कुणाला लागू नये म्हणून जपतो, आणि खोकला मात्र ओंजळीवर सोडतो. पुण्य मिळवायची घाई समजते, पण आहारदानाची पाळी उद्यावर टाकल्याने पुण्य बुडत नाही. आजारी असूनही पुढे होण्याने मात्र बुडू शकतं.

म्हणून करायचं ते एवढंच. आजारी असाल तर चौक्यात जाऊच नका, जाऊबाईला, सुनेला पाठवा. मंदिरात किंवा स्वाध्यायाला जायचंच असेल तर सर्जिकल मास्क, नाक आणि तोंड दोन्ही झाकलेलं, हनुवटीवर लटकवलेला नको. ओला झाला की बदला, वापरलेला घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाका, रस्त्यावर नको. लहान बाळांना आणि ज्यांना आधीच दम लागतो त्यांना बांधू नका. हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवा, पाऊस आत आला तर सतरंजी सरकवा. दवाखान्यात कुणाला बघायला जाताना मास्क पर्समध्ये असू द्या. आणि जिने मास्क लावलाय तिला "काय झालं गं तुला?" म्हणून हसू नका. तिला काही झालं असेल, ते तुम्हाला होऊ नये म्हणूनच तिने तो लावला आहे.

जय जिनेंद्र.