कॉफीचा गुण आणि साखरेचा दोष

रमजानच्या रात्री तरावीहची नमाज संपली की मशिदीजवळच्या टपऱ्यांवर चहा-कॉफीसाठी गर्दी होते. रात्रीची इबादत आणि कॉफी यांचे नाते जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी जिक्रसाठी जागे राहता यावे म्हणून कॉफी पीत. तिचे बी भारतात बाबा बुढण यांनी आणले, असे परंपरा सांगते. चिकमगळूरजवळचा डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

अलीकडे या कॉफीची वेगळीच कीर्ती कानावर येते : ती पिणाऱ्यांना मधुमेह कमी होतो. यात तथ्य आहे. नेदरलँड्समधील सुमारे सतरा हजार प्रौढांची पाहणी २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केली. दिवसाला सात किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये टाइप टू मधुमेहाचा धोका, दोन किंवा कमी कप पिणाऱ्यांच्या तुलनेत निम्मा आढळला. पुढील पाहण्यांत कॅफिन काढलेल्या कॉफीबाबतही तसाच कल दिसला. मात्र हा केवळ संबंध आहे. कॉफीमुळेच मधुमेह टळतो, हे त्यातून सिद्ध होत नाही.

शिवाय आपल्या कपात कॉफीपेक्षा साखरच जास्त असते. दोन चमचे साखरेचे तीन कप म्हणजे दिवसाला जवळपास पंचवीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना अधिक हितासाठी दिवसभराची जी मर्यादा सुचवते, ती साधारण इतकीच आहे. इफ्तारचे सरबत आणि गोडधोड त्यावर वेगळेच.

वेळेचाही प्रश्न आहे. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतील जवळपास निम्मे कॅफिन पहाटे तीनलाही शरीरात असते. सहरीसाठी लवकर उठायचे आणि त्याआधी झोपही लागायची नाही. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. सूफींना जागवणारा गुणच इथे आड येतो.

कॉफी सोडण्याची गरज नाही. इफ्तारच्या जेवणानंतर तासाभराने, बिनसाखरेचा एक कप पुरे. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांपैकी रोजा ठेवणाऱ्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात; कॉफीच्या भरवशावर गोळी सोडू नये. इफ्तारला शेजारीपाजारी येतात, त्यांतही कुणी मधुमेही असतोच. यजमानाने साखर वेगळी ठेवावी आणि पाहुण्यानेही ‘बिनसाखरेची द्या’ म्हणायला संकोचू नये.