गुडघे टेकण्याआधी

लग्नाची मागणी घालायची एक नवी टूम निघालीय. रंकाळ्याच्या काठावर, नाहीतर पन्हाळ्यावरच्या एखाद्या हॉटेलच्या हिरवळीवर फुगे बांधायचे, गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढायचा. पोरीला ‘जरा फिरून येऊ’ म्हणून आणायचं. दोस्तमंडळी झाडाआड मोबाईल धरून तयार. आई, मावशी, दाजी गाडीत दडून बसलेले. मग पोरगा गुडघे टेकणार, अंगठी काढणार, आणि चाळीस माणसं एकदम ओरडणार. पोरगी तोंडावर हात धरून रडते. झालं, रील तयार! आपल्या वस्तीतल्या पोरांनाही आता याची भुरळ पडायला लागलीय. म्हणून चार शब्द रोखठोक.

दोस्तहो, पहिला सवाल असा, की हे सरप्राइज कुणाला?

ज्यांच्या घरचे हौसेनं झाडाआड दडतात, त्यांचं बहुतेक सगळं आधीच ठरलेलं असतं. बायोडाटा बघून झाला, पोटजात जुळली, देणंघेणं बोलून झालं. त्यानंतर हा विचारतो, ‘माझ्याशी लग्न करशील का?’ निकाल लागल्यावर पेपर वाटावा, तसला हा प्रकार. जुन्या कांदेपोह्यांनाच नवा कोट चढवलाय. कांदेपोह्यांत निदान ‘कळवतो’ म्हणून उठायची सोय होती. इथं चाळीस मोबाईल तोंडावर रोखल्यावर पोरगी ‘नाही’ म्हणणार कशी? ‘विचार करून सांगते’ एवढंसुद्धा तिला म्हणता येत नाही. ज्या सवालाला नकार देता येत नाही त्याला हुकूम म्हणतात. आणि हुकूम सोडणाऱ्यांना आपण पिढ्यान्पिढ्या ओळखतो.

आता आपली बाजू बघा. नगर जिल्ह्यातलं खर्डा. २८ एप्रिल २०१४. आपला १७ वर्षांचा पोरगा. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो, एवढ्यावरून त्याला मारून झाडाला लटकवला. त्यानं अंगठी काढली नव्हती, गुडघे टेकले नव्हते. कोर्टात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सगळे आरोपी सुटले.

हे तिकडं नगरकडं चालतं, शाहूंच्या करवीरात नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू नका. शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली. त्याच महाराजांचा जन्म १८७४ साली कसबा बावड्यातल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला. आणि त्याच कसबा बावड्यात डिसेंबर २०१५ मध्ये आंतरजातीय लग्न करून संसार मांडलेल्या जोडप्याला मुलीच्या भावांनी भोसकून मारलं. कायदा होऊन ९६ वर्षं झाली होती. दरवर्षी २६ जूनला महाराजांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या हातांनी याचा हिशोब द्यावा.

तेव्हा खरी गाठ पुढंच आहे. दोघांचे धर्म वेगळे असतील, किंवा कुठलाच धार्मिक विधी नको असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात आधी नोटीस द्यायची. ती ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. ३० दिवस थांबायचं. त्या मुदतीत कुणीही हरकत घेऊ शकतो. वय कमी आहे, आधीचं लग्न मोडलेलं नाही, असल्या हरकती चालतात. जात ही हरकत कायद्यात नाही. पण जातीसाठी नोटीस वाचणारा हरकत नोंदवायला ऑफिसात येतच नाही. तो घरी येतो. चौघांना घेऊन येतो.

मग दोस्तांची गरज कुठं आहे, सांगा? झाडाआड, का या ३० दिवसांत?

म्हणून म्हणतो, प्लॅन करा, जरूर करा. पण उलटा करा. सवाल विचारायचा तेव्हा दोघंच असा. भेळेच्या गाडीवर विचार, एसटी स्टँडवर विचार, पण ‘नाही’ म्हणून तिला एकटीला घरी जाता येईल अशा जागी विचार. तिनं ‘नाही’ म्हटलं तर गुमान वाटेला लाग. मागं फिरायचं नाही, नावानं बोंबलायचं नाही. ‘हो’ म्हणाली, तर मग गोळा कर गर्दी. त्या कायद्याला सहीसाठी तीन साक्षीदार लागतात. तुझे तीन दोस्त शोध, जे खर्ड्यासारखे फिरणार नाहीत. वकील कोण, महिना राहायचं कुठं, दाखले आणायचे कुणी, हे ठरव. सुप्रीम कोर्टानं २७ मार्च २०१८ च्या निकालात अशा जोडप्यांना संरक्षण द्यायची जबाबदारी पोलिसांवर टाकलीय. त्या निकालाची प्रत खिशात ठेव आणि अर्ज दे. या सगळ्यात पोरीपासून एक अक्षर लपवायचं नाही. सरप्राइज द्यायचंच असेल तर लाठ्या घेऊन येणाऱ्यांना द्या. ते दारात आले की पन्नास माणसं उभी दिसू देत.

आणि पोरींनो, तुम्हीही विचारा. जो सवर्ण बहाद्दर चार वर्षं तुझ्याबरोबर रंकाळ्यावर फिरतो आणि लग्नाचं काढलं की आईच्या पदराआड दडतो, त्याला तूच विचार, ‘नोटीस कधी द्यायची?’ तारीख सांगत नसेल तर त्याची क्रांती भेळेपुरतीच.

चारचौघांत सवाल करायची रीत आपल्याकडं नाही असं नाही. जोतीरावांनी सत्यशोधक लग्न लावलं २५ डिसेंबर १८७३ ला, भटाशिवाय. त्यांच्या मंगलाष्टकांत नवरी सगळ्यांसमोर आपले हक्क मागते आणि नवऱ्याला कबूल व्हावं लागतं. तिथं गर्दी तिच्या बाजूची साक्षीदार असते. रीलवाल्यांच्या गर्दीत आणि या गर्दीत हाच फरक. बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावलं, की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न. नुसत्या सहभोजनानं भागत नाही. १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी स्वतः दिल्लीत नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. फुगे नव्हते. सह्या होत्या.

बिंदू चौकात जोतीराव आणि बाबासाहेब शेजारीशेजारी उभे आहेत. बाबासाहेब हयात असताना, १९५० साली या शहरानं ते पुतळे उभे केले. तिथून जाताना जरा मान वर करून बघा. आपले आजे-पणजे पाटलाच्या दारात पुष्कळ गुडघे टेकून गेले. आता प्रेमात तरी गुडघे कशाला? उभं राहून विचार, भावा. तीही उभी राहूनच उत्तर देईल.