कुरवाचं नाव लिहिण्याआधी त्याचं वय बघा



थंडी पडली की हर्णै, आंजर्ले, गुहागरपासून खाली मालवणपर्यंत पुळणीवर पांढऱ्या-करड्या पक्ष्यांचे थवे बसलेले दिसतात. सगळे त्यांना सीगल म्हणतात, मराठी पुस्तकांत त्यांचं नाव कुरव. उजनीच्या पाण्यावर भिगवणकडेही ते येतात, त्यामुळे आजची नोंद फक्त कोकणवाल्यांसाठी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की गावच्या जैवविविधता नोंदवहीत कुरवाचं नाव लिहिताना शेजारी त्याचं वयही लिहावं. वय न बघता लिहिलेल्या नावाचा भरवसा नाही.

हे पक्षीनिरीक्षकांचं काम, आपल्याला काय जमणार, असं कुणी म्हणू नये. बैलबाजारात आपण जनावराचं तोंड उघडून आदत, दुसा, चौसा, जुळलेला असं झटक्यात सांगतो. आदत खोंड आणि जुळलेला बैल या दोन जाती आहेत, असं कुणी म्हणत नाही. शेतात मात्र हीच गफलत होते. ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, काळी काटेरी अळी मावा खात असते आणि आपण तिलाच कीड समजून औषध मारतो. लाल ठिपक्यांचा भुंगेरा ओळखता येतो, पण त्याचं पोर ओळखता येत नाही. कुरवाचं नेमकं असंच आहे.

उदाहरण सगळ्यात मोठ्याचं घेऊ. पल्लासचा कुरव, म्हणजे मोठा काळ्या डोक्याचा कुरव. पीटर सायमन पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. शास्त्रीय नावातल्या 'इक्थिएटस'चा अर्थ मासेखाऊ गरुड, आणि पक्षी बघितला की ते पटतं. लांबी ५७ ते ७२ सेंटिमीटर, पंख पसरले तर पाच फुटांच्या आसपास. शेजारी बसलेला तपकिरी डोक्याचा कुरव जेमतेम ४२ सेंटिमीटरचा असतो. पल्लास दक्षिण रशिया, कझाकस्तान, मंगोलिया, चीन इकडच्या तळ्यांवर पिल्लं काढतो आणि हिवाळ्याला आपल्याकडे उतरतो. पूर्ण रूपात यायला त्याला चौथं वर्ष उजाडतं. तोवर दरवर्षी रूप बदलत जातं.

पहिला हिवाळा : पाठ करडी होत आलेली, पण पंखांवर तपकिरी डाग बरेच. मानेच्या मागे आणि छातीच्या बाजूला तपकिरी ठिपके, पोट पांढरं. शेपटी पांढरी आणि टोकाला सुरीने कापल्यासारखा स्वच्छ, रुंद काळा पट्टा. चोच बुडाशी फिकट, टोकाला काळी.

दुसरा हिवाळा : पाठ आणि पंखाचा बराच भाग करडा, तपकिरी थोडं उरलेलं. पंखाच्या टोकाला अजून भरपूर काळं. शेपटीचा पट्टा बारीक झालेला.

तिसरा हिवाळा : लांबून मोठ्यासारखाच. पंखाच्या टोकाला काळं मोठ्यापेक्षा जास्त, शेपटीला पट्ट्याची खूण असली तर पुसटशी.

पूर्ण वाढलेला : पाय पिवळे, चोच जाड पिवळी, तिच्यावर टोकाजवळ काळा पट्टा आणि लाल रंग. उडताना पंखाचं टोक बरंचसं पांढरं, त्यात काळी नक्षी.

आता खरी मेख. नावात 'काळ्या डोक्याचा' आहे, पण डिसेंबरात बघाल तर डोकं पांढरं. डोळ्यापासून मागे फक्त काळपट फराटा. काळी टोपी येते विणीच्या हंगामासाठी. काही मोठ्या पक्ष्यांना ती जानेवारी-फेब्रुवारीतच चढू लागते. म्हणजे एकाच पुळणीवर, एकाच दिवशी काळ्या डोक्याचा, पांढऱ्या डोक्याचा आणि तपकिरी ठिपक्यांचा असे तीन पक्षी दिसतील आणि तिन्ही एकाच जातीचे असतील. वय न बघणारा माणूस तीन नावं लिहून मोकळा होतो.

उलटी चूकही होते. सैबेरियाकडून येणारे ह्युग्लिनचे आणि स्टेप कुरव हेही मोठेच. पूर्ण वाढलेला ह्युग्लिन ओळखायला सोपा : पाठ गडद पाटीच्या रंगाची, पिवळ्या चोचीच्या खालच्या बाजूला लाल ठिपका. घोळ होतो तो पोरांचा. ह्युग्लिनचा दुसऱ्या हिवाळ्यातला पक्षी पल्लासच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्यासारखा भासतो. अशा वेळी रंग सोडा, बांधा बघा. पल्लासचं कपाळ लांब आणि उतरतं, चोच लांब आणि जाड, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी. रंग उन्हाने विटतो. मार्चपर्यंत कोवळ्या पक्ष्याची तपकिरी पिसं झिजून फिकी पडतात. बांधा बदलत नाही. बैल घेताना आपण तरी रंगावर जातो का?

आता "याने आमच्या पिकाला काय फरक पडतो?" हा प्रश्न. रास्त आहे. दोन उत्तरं देतो.

पहिलं, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावाची समिती लोक जैवविविधता नोंदवही करते. पुढे किनाऱ्यावर काही काम निघालं, तर गावाच्या हातात हाच कागद असतो. त्यात एका जातीची तीन नावं निघाली, तर समोरचा एक पान दाखवून अख्खी वही मोडीत काढेल. पाच नावं खरी असलेली वही पन्नास नावांच्या कच्च्या वहीपेक्षा गावाच्या जास्त कामाची.

दुसरं, कोंबड्या. मे २००५ मध्ये चीनच्या छिंगहाई तळ्यावर एच५एन१ बर्ड फ्लूने हजारो जंगली पक्षी मेले. त्यांत पट्टकदंब हंस होते, तपकिरी डोक्याचे कुरव होते आणि हा पल्लासचा कुरवही होता. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता. तो कुरवांनी आणला असं मी म्हणत नाही, आणि कुरव दिसला की हाकला असंही नाही. म्हणणं एवढंच, की पुळणीवर किंवा तळ्याकाठी पक्षी मरून पडलेले दिसले, तर हात न लावता लांबून फोटो काढा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तेव्हा "कसलीशी तपकिरी घार मेली" आणि "मोठ्या कुरवाची पहिल्या हिवाळ्यातली चार पोरं मेली" या दोन निरोपांत फार फरक आहे. दुसऱ्या निरोपावरून डॉक्टरला लगेच कळतं, की हे लांबून आलेले पाणपक्षी आहेत आणि एकाच जातीचे आहेत.

मोबाईलचं अ‍ॅप नाव सांगतं, हे मान्य. वापरा जरूर. पण एका धूसर फोटोवर ते जे सांगेल ते वहीत उतरवू नका. बसलेला पक्षी, उडताना पंख, उडताना शेपटी असे तीन फोटो घ्या. आधी बांधा, मग वय, मग नाव, हा क्रम ठेवा. तारीख टाका, कारण डिसेंबरचं डोकं आणि मार्चचं डोकं वेगळं असतं.

आणि नक्की कळत नसेल तर "मोठा कुरव, कोवळा, जात ठरली नाही" असं सरळ लिहा. यात कमीपणा काही नाही. तज्ज्ञही कोवळ्या कुरवांपुढे बऱ्याचदा एवढंच लिहितात. खरी अर्धी नोंद पुढे कुणीतरी पुरी करू शकतो. चुकीची पुरी नोंद मात्र वर्षानुवर्षं तशीच पुढे उतरवली जाते.

कृषी सहायक आणि कृषी महाविद्यालयातल्या मित्रांना एक विनंती. किडीच्या नोंदीत तुम्ही अळीची अवस्था विचारता, तसा पक्ष्यांच्या तक्त्यात 'वय' हा एक रकाना वाढवा. खर्च काही नाही, एक रेघ जास्त ओढायची आहे.

यंदा तुमच्या पुळणीवर किंवा तळ्यावर कुरव उतरले, की काळं डोकं किती, पांढरं किती आणि ठिपक्यांची पोरं किती, एवढं तरी मोजून कळवा.